जुनी एमपीएफआय गाडी मधेच बंद पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९८ पासून सँट्रो, मॅटिझ आणि मग आल्टो, एमपीएफआय मारुती ८०० अशा, प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाड्या आल्या आणि कार्ब्युरेटरचा जमाना हळूहळू संपला. त्या पिढीच्या कितीतरी गाड्या अजून आपल्या रस्त्यांवर धावताहेत. इंजिन ठणठणीत, बॉडी बरी, पण कधीतरी अचानक बंद पडतात. पाच मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारख्या चालू होतात. या एका तक्रारीपायी लोक चांगल्या गाड्या भंगारात काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या दोषाचं निदान होतं. खालची उत्तरं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहेत, डिझेलचा इथे विचार केलेला नाही.

गाडी कधीतरीच बंद पडते आणि गॅरेजला नेली की छान चालते. दोष सापडणार कसा?

दोष हजर असताना. तो नसताना केलेली तपासणी बहुतेक वाया जाते, कारण त्या वेळी सगळंच ठीक असतं. वायर जोडलेली असते, सेन्सर सिग्नल देत असतो, पंप फिरत असतो. मेकॅनिक मग अंदाजाने पार्ट बदलतो. आधी प्लग, मग फिल्टर, मग पंप, मग कॉइल. यातल्या एखाद्या कामानंतर गाडी दोन आठवडे नीट चालते आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. मुळात दोषच अधूनमधून येणारा असतो, त्यामुळे दोन आठवडे नीट चालणं हा काही पुरावा नाही.

म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं फार मोलाची. त्या वेळी लगेच सेल्फ मारत सुटू नका. गाडी सुरक्षित जागी घ्या आणि खालच्या प्रश्नात सांगितलेल्या गोष्टी बघा. याशिवाय गाडीत एक छोटी वही ठेवा. बंद पडली तेव्हा इंजिन गार होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, वेग किती, पाऊस होता का, खड्डा आला होता का, परत चालू व्हायला किती वेळ लागला. चार-पाच नोंदी झाल्या की त्यातून काहीतरी सूत्र हाती लागतंच. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा.

बंद पडल्या क्षणी नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट, बंद कशी पडली. चावी फिरवल्यासारखी एकदम गप झाली, तर संशय विजेवर: इग्निशन, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा), मेन रिले (इंजिनाच्या संगणकाला वीज जोडणारा स्विच), चावीचा स्विच. झटके मारत, पिकअप सोडत, गचके खात मेली, तर संशय पेट्रोलवर: पंप, फिल्टर, टाकीतली जाळी. हा नियम शंभर टक्के खरा नाही, कारण पंपाचा रिले सुटला तरी इंजिन बऱ्यापैकी पटकन बंद पडतं. पण सुरुवात इथूनच करायची.

दुसरी गोष्ट, डॅशबोर्ड. गाडी अजून गिअरमध्ये घरंगळत असेल आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असेल तर त्याकडे नजर टाका. चाकं इंजिनाला फिरवत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला, तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर, नाहीतर ईसीएमचा सप्लाय. काटा वेगासोबत हळूहळू खाली आला, तर ते सिग्नल शाबूत आहेत, आता पेट्रोलकडे वळा. बेसिक मॉडेलमध्ये काटा नसतो. तिथे पुढची परीक्षा कामाला येते.

चावी बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा ऑन करा, पण सेल्फ मारू नका. दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूने, दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येऊन थांबला पाहिजे. तो पंप लाइनमध्ये प्रेशर भरतोय. यासाठी काचा वर, पंखा बंद, गाणी बंद.

आता यावरून काय समजायचं?

चेक इंजिनचा दिवाच लागत नाही, पण बाकीचे दिवे लागतात: बल्ब शाबूत असेल तर ईसीएमला करंट मिळत नाहीये. मेन रिले, त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि त्यांच्यामधलं वायरिंग बघा. कोणताच दिवा लागत नाही: बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा चावीचा स्विच.

दिवा लागतो, पण पंपाचा आवाज नाही: पंपाचा फ्यूज, पंपाचा रिले, टाकीवरचा कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) किंवा खुद्द पंप. अशा वेळी मागे एकाला टाकीच्या तळाला रबरी हातोडीने किंवा मुठीने हलकं ठोकायला सांगा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. गाडी चालू झाली तर पंपाच्या मोटरचे ब्रश संपलेत असं बहुतेक खात्रीने म्हणता येतं. तो पंप बदला, ठोकून चालवत राहू नका.

दिवाही लागतो, पंपही बोलतो, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही: आता प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येतेय का ते बघायचं. ओबीडी रीडर (ईसीएममधली माहिती वाचणारा स्कॅनर) जोडता येत असेल तर सेल्फ मारताना त्यावर आरपीएम बघा. साधारण दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्यच राहिला तर क्रँक सेन्सरवर बोट ठेवायला हरकत नाही.

आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो. काही इंजिनांत त्यानंतर सेल्फ मारत राहिलं की व्हॉल्व्ह वाकतात. अशी गाडी टोचन करूनच न्यायची.

चालत्या रस्त्यावर, हायवेवर बंद पडली तर आधी काय करू?

निदान नंतर, जीव आधी. हॅझर्ड लावा आणि वेग आहे तोवर डाव्या कडेला घ्या. चावी काढू नका, लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पॉवर स्टिअरिंग जड होईल, पण वळतं, दोन्ही हातांनी जोर लावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढा व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. नंतर पेडल दगडासारखं होतं, तरी पूर्ण ताकदीने दाबलं तर ब्रेक लागतो.

थांबल्यावर सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्रिकोण मागे दूरवर ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, कुठेही अपघाताचा धोका वाटला तर ११२. घाटाच्या वळणावर बोनेट उघडून तपासणी करण्याचा मोह टाळा. तिथला दोष पकडता आला नाही तरी चालेल.

चेक इंजिनचा दिवा लागतच नाही. म्हणजे सेन्सर ठीक ना?

नाही. आधी हे बघा की चावी ऑन केल्यावर तो दिवा लागतो तरी का. जुन्या गाड्या विकताना बल्बच काढून टाकलेले मी पाहिलेत. दुसरं, ईसीएम कोड (दोषाचा क्रमांक) टाकतो तो ठरावीक वेळ चुकीचा सिग्नल दिसला तर. क्रँक सेन्सर क्षणभर गेला आणि इंजिन बंद पडलं, तर ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलं म्हणून सिग्नल थांबला, यात वावगं काहीच नाही. जुन्या प्रणालींमध्ये हे सर्रास होतं. पंप, फिल्टर, टाकीतली जाळी यांच्यावर तर या गाड्यांमध्ये सेन्सरच नसतो. पेट्रोलचं प्रेशर निम्म्यावर आलं तरी दिवा गप्प राहू शकतो.

बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर चालेल का?

गाडीवर अवलंबून आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, पहिला टप्पा २०१० ला आणि दुसरा २०१३ ला. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे साधा ईएलएम ३२७, म्हणजे हाच स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर, जोडला जात नाही, आणि लोक समजतात की ईसीएम मेला. अशा गाडीला जुन्या मॉडेलांचं सॉफ्टवेअर असलेला गॅरेजचा स्कॅनर लागतो. काही जुन्या सुझुकी इंजिनांत डायग्नोसिस कपलरच्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, आणि १२ म्हणजे दोष नाही. पिना कोणत्या, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून खात्री करूनच जोडा.

स्कॅनर जोडला गेला तर कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे, जास्त उपयोगाचा. कोड मिळालाच, समजा पी०३३५, तर त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, सगळं आलं. कोड वाचून सरळ सेन्सर विकत आणणारे अर्ध्या वेळा पैसे वाया घालवतात. आणि कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. काय असेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तापल्यावर जोड सोडणारे भाग मोजकेच आहेत: क्रँक किंवा कॅम सेन्सर, इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी), पेट्रोल पंप आणि रिले. सेन्सर आणि कॉइलच्या आत केसासारख्या तारेची गुंडाळी किंवा बारीक सर्किट असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला जोड सैल होतो, तापल्यावर प्रसरणाने सुटतो, गार झाला की पुन्हा टेकतो.

क्रँक सेन्सर तपासायची सोपी रीत अशी. गाडी बंद पडली की लगेच सेन्सरवर गार पाणी टाका, ओला फडका धरला तरी चालेल, कपलर मात्र भिजू देऊ नका. एरवी अर्धा तास लागतो ती गाडी पाच मिनिटांत चालू झाली तर उत्तर मिळालं. उलट्या बाजूने, गार इंजिनवर सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवायचा आणि मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघायचा. मध्येच वाचन गायब झालं की दोष पकडला. ही दुसरी रीत दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरला लागू पडते. तीन तारांचा हॉल सेन्सर ओहममध्ये मोजून काही कळत नाही, त्याचा सिग्नल चालू स्थितीतच बघावा लागतो.

रिलेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तो सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. एक जुनी हॅचबॅक आली होती. पंप नवा, फिल्टर नवा, कॉइल नवी, तरी दुपारच्या उन्हात बंद पडायची. बंद पडल्यावर पंपाचा आवाज येत नव्हता. पंपाच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला नाही, म्हणजे नव्या पंपाला करंटच पोचत नव्हता. रिले काढून त्याचं काळं टोपण उघडलं. आतल्या पट्टीवर एका पिनेच्या डाखाभोवती काळसर गोल भेग होती, नखाने पिन हलवली की डाख वेगळा हलताना दिसायचा. गार असताना पिन डाखाला टेकलेली, गरम झाली की सुटलेली. तात्पुरती सोल्डरिंग गनने पक्की केली आणि नंतर रिलेच बदलला. तक्रार तिथे संपली. आधी बदललेल्या तिन्ही पार्टची किंमत मालकाने भरलेलीच होती.

बऱ्याच गाड्यांत हॉर्न किंवा एसीचा रिले आणि पंपाचा रिले एकच नंबरचे असतात. नंबर आणि पिना जुळतात का बघा, अदलाबदल करून आठवडाभर चालवा. फुकटातली तपासणी आहे.

आणि हो, "पेट्रोलची वाफ झाली" हे कारण या गाड्यांत क्वचितच खरं असतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनला चिकटलेला असायचा. इथे तो टाकीत बुडालेला असतो आणि लाइनमध्ये साधारण ३ बार प्रेशर असतं, त्यामुळे पेट्रोल सहजी उकळत नाही. वाफेची शंका आलीच तर लाइनमध्ये प्रेशर टिकतं का, ते मोजा.

सिग्नलला थांबलो, रेस सोडली की बंद पडते. धावताना काहीच त्रास नाही.

हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. रेस सोडल्यावर थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी) चकती मिटते आणि इंजिनाला लागणारी हवा आयडल एअर व्हॉल्व्हमधून येते. वर्षानुवर्षांचा काजळीचा थर चकतीच्या कडेला आणि त्या व्हॉल्व्हच्या वाटेत बसतो. हवा कमी पडते, इंजिन गुदमरतं. थ्रॉटल बॉडी क्लीनरने, मऊ ब्रशने साफ करा. कार्ब्युरेटर क्लीनर जपून वापरा, काही थ्रॉटलांच्या आतलं लेपन त्याने निघतं. साफ केल्यावर आयडलिंग काही काळ जास्त किंवा वरखाली राहिलं तर घाबरू नका, ईसीएमला नवी जागा शिकायला वेळ लागतो. काही मॉडेलांत हे स्कॅनरने शिकवावं लागतं.

एसी चालू होतानाच बंद पडत असेल तर हाच व्हॉल्व्ह आणि जोडीला अल्टरनेटर बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर आयडलिंगला हेडलाइट, पंखा, एसी एकदम चालू झाल्यावर सगळी वीजच कोलमडते.

एक स्क्रू मात्र कोणालाही फिरवू देऊ नका, थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू. "आयडलिंग थोडं वाढवून देतो" म्हणून तो फिरवला जातो. मग थ्रॉटल सेन्सरचं शून्य बिघडतं, ईसीएमला पाय रेसवरून सुटलाय हेच कळत नाही, आणि एका दोषाचे दोन होतात.

व्हॅक्यूमच्या नळ्या उन्हाने तडकतात, त्याही बघा. मॅप सेन्सरच्या, म्हणजे हवेऐवजी तिचा दाब मोजणाऱ्या, गाडीत नळी फुटली तर बहुतेक वेळा आयडलिंग उलट वाढतं. हवा मोजणारा मीटर असलेल्या गाडीत मात्र मिश्रण पातळ होऊन गाडी बंद पडते.

सपाटीवर ठीक, पण घाट चढताना दम तोडते आणि बंद पडते.

खंबाटकी असो की आंबोली, लोडवर मरणारी गाडी म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर तुंबलेला, टाकीतली जाळी गाळाने भरलेली किंवा पंप थकलेला. बाहेरचा फिल्टर बदलून भागेल असं समजू नका, पंपाच्या तोंडाशी जाळी असते ती कोणी बघतच नाही. टाकी पत्र्याची असेल तर आतला गंजही तिथे येऊन अडकतो.

खरी तपासणी प्रेशर गेजची. लाइनमध्ये टी जोड देऊन गेजची नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढायची, गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि चढावर गाडी चालवायची. बघायला शेजारी माणूस बसवा. लोडवर काटा कोसळला तर पेट्रोलच, काटा ढळला नाही आणि तरीही दम तोडला तर पेट्रोल निर्दोष. गेज आत केबिनमध्ये आणू नका, प्रेशरखालचं पेट्रोल आहे. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे प्रेशर उतरतं. काम उघड्या जागेत, बिडी-सिगारेट लांब, आणि इंजिन गार झाल्यावर.

गाडी बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडताना मोठा सुस्कारा येतो का, तेही ऐका. हवा आत घेण्याची वाट तुंबली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण सैल ठेवून एकदा जवळपास चालवून बघा.

पेट्रोल भरलं की पंपावरून निघतानाच बंद पडते.

कॅनिस्टर म्हणजे टाकीतली वाफ साठवणारा डबा, त्याची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. टाकीतली वाफ सरळ इंजिनात जाते आणि मिश्रण जाड होतं. पर्जची नळी व्हॉल्व्हपाशी तात्पुरती बंद करून पुढच्या वेळी पेट्रोल भरा. त्रास गेला तर व्हॉल्व्ह बदला.

खड्ड्यात आदळली की बंद पडते.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, हलताच कामा नयेत. अर्थिंगची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बसते तिथला गंज घासून काढा. मग चावीचा स्विच. जड जुडगा वर्षानुवर्षं लटकून आतले काँटॅक्ट झिजतात. इंजिन चालू ठेवून चावी हलकेच हलवा, जुडगा झुलवा. इंजिन गचकलं तर सापडला. गाडीची चावी जुडग्यातून वेगळी काढणं एवढा उपाय आजच करता येतो.

फियाट पॅलिओ आणि फोर्ड आयकॉनसारख्या गाड्यांत अपघातात पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. जोराच्या आदळण्याने तो उडतो आणि बटण दाबेपर्यंत गाडी चालू होत नाही. बटण दाबण्याआधी खाली पेट्रोल गळत नाही ना, हे पाहिलंच पाहिजे.

आणखी एक. नंतर बसवलेली सिक्युरिटी सिस्टीम, रिमोट लॉक किंवा जीपीएस. यातल्या बऱ्याच उपकरणांत इंजिन बंद करणारा रिले असतो, आणि तो इग्निशनची वायर तोडून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेला असतो. डॅशखालचे असे जोड कारखान्यातल्या वायरिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळा गुन्हेगार निघतात. अशी उपकरणं वापरात नसतील तर काढून टाका आणि मूळ वायर डाख देऊन, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घालून जोडा.

पावसाळ्यातच हा त्रास होतो.

प्लगच्या वायरी आणि कॉइल. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर वायरी बदला. हात लांब ठेवा, तो करंट हजारो व्होल्टचा आहे. जुनी सवय म्हणून वायर काढून बॉडीजवळ धरून करंट बघणारे अजून आहेत. या गाड्यांत तसं करू नका, कॉइल किंवा तिला चालवणारं सर्किट जातं. स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो.

दुसरा पाहुणा उंदीर. पावसात आसरा शोधत बोनेटमध्ये शिरतो आणि इंजेक्टरच्या, सेन्सरच्या बारीक वायरी कुरतडतो. वायर पूर्ण तुटली तर लगेच कळतं. अर्धी तुटून दोन-चार धागे उरले की मग महिनोन्महिने अधूनमधून बंद पडणं सुरू. वायरिंगची नळी उघडून बोटांनी चाचपल्याशिवाय हे दिसत नाही.

गाडीला सीएनजी किट आहे. दोष किटचा की गाडीचा?

सरळ कसोटी: आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा, मग आठवडाभर सीएनजीवर. एकाच इंधनावर त्रास असेल तर त्या इंधनाचा रस्ता तपासा. दोन्हीवर असेल तर क्रँक सेन्सर, कॉइल, मेन रिले, चावीचा स्विच, म्हणजे दोघांच्या सामाईक गोष्टी.

सीएनजीवाल्या गाड्यांत एक सवय हमखास दिसते. टाकीत पेट्रोल काट्याच्या तळाला, फक्त सकाळी चालू करण्यापुरतं. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच गार राहतो, आणि अनेक किटांमध्ये सीएनजीवर चालतानाही पंप फिरत असतो. तो कोरडा तापतो आणि मरतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही डिंकासारख्या थराने चिकटत नाहीत. किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मधे तोडून जोडलेल्या असतात. तो प्रत्येक जोड तपासायच्या यादीत वर ठेवा.

ई२० पेट्रोलमुळे बंद पडते का?

एकटं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, दोषी ठरवणं घाईचं होईल, पण संबंध आहे. इथेनॉल जुना गाळ सोडवतं, तो जाळीत आणि फिल्टरमध्ये येतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नसतात, ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं होतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीने उभी ठेवू नका, फिल्टर लवकर बदला, इंजेक्टर रेलजवळच्या नळ्या पेट्रोलचा वास येतोय का म्हणून नियमित बघा. वास आला तर गाडी चालवायची नाही, आगीचा धोका आहे.

मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेला.

जाऊ शकतो, पण ते निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी विचारा: बंद पडलेल्या अवस्थेत ईसीएमच्या कपलरवर सप्लाय मोजला का? अर्थिंगच्या पिना आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात किती व्होल्ट येतात? तिथे शून्याच्या जवळचा आकडा हवा. अर्धा व्होल्ट आला तरी अर्थिंग खराब आहे. कपलर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का, केबिनमध्ये पाणी झिरपून ईसीएमपर्यंत पोचलंय का, हेही बघायला सांगा. या तपासण्या झाल्या नसतील तर ईसीएमवर खर्च करू नका. इमोबिलायझरच्या (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या) गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून बघणंही सोपं नसतं, चावी जुळत नाही आणि इंजिन चालूच होत नाही किंवा चालू होऊन लगेच बंद पडतं.

गॅरेजमध्ये सोडताना काय सांगू?

"बंद पडते, बघा जरा" एवढं सांगू नका. वहीतल्या नोंदी दाखवा. "वीस-पंचवीस मिनिटं चालली की, उन्हात, एकदम गप होते, पंपाचा आवाज येतो, दिवा लागतो, सेल्फ फिरतो, वीस मिनिटांनी चालू होते" असं सांगितलं तर जाणता मेकॅनिक अर्धं निदान उभ्या उभ्या करतो. गाडी एक-दोन दिवस ठेवून घ्यायला आणि बंद पडेपर्यंत चालवून बघायला त्याला परवानगी द्या. त्या वेळेची मजुरी मागितली तर आनंदाने द्या. न लागणाऱ्या पंपापेक्षा ती स्वस्त पडते. काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा, चांगला निघाला तर डिकीत पडून राहील.

सेन्सर आणि पंप मात्र ओरिजनल किंवा नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. क्रँक सेन्सरची नक्कल पहिल्या उन्हाळ्यात तोच त्रास देते, आणि मग "सेन्सर तर नवा आहे" म्हणून सगळे दुसरीकडे शोधत बसतात.

धक्का मारून चालू केली तर चालतं का?

बॅटरी किंवा सेल्फ गेला असेल तर एखाद्या वेळी चालतं. प्लगला ठिणगी मिळत नसताना नाही. इंजेक्टर पेट्रोल सोडत राहिले तर ते न जळता सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजिन पकडल्यावर ते तिथे जळून आतली जाळी वितळते, आणि वितळलेल्या जाळीने वाट तुंबली की गाडी दम तोडून बंद पडायला आणखी एक कारण मिळतं. सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा.